बाबा, गुलाब आणि हालिनाबाई

"भाषा म्हणजे आपल्या हातचा मळ!" असं शशिकांत मुंडले जर्सी सिटीतल्या प्रत्येक पॉटलक पार्टीला सांगत असे. पुण्यात त्याने वर्षभर स्पॅनिशचा क्लास केला होता. त्यातल्या निम्म्या संध्याकाळी क्लासखालच्या भेळेच्या गाडीवर गेल्या, हे मात्र तो सांगत नसे! कुणी नवा पाहुणा हाती लागला, की त्याचा ठरलेला किस्सा सुरू.

"आपण वडलांना बाबा म्हणतो ना? स्पॅनिशमध्ये बाबा म्हणजे लाळ! तोंडातून गळते ती!"

पाहुणे हसायचे. त्याची बायको नीलांबरी हसायची नाही. हा किस्सा तिला दर वेळी नेमका जेवतानाच ऐकावा लागे.

पण पोलिशमध्ये बाबा म्हणजे काय, हे या पंडिताला कुठं ठाऊक होतं? आणि त्याची मॅनेजर नेमकी पोलंडची! हालिनाबाई. बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी समोरच्याला न केलेल्या चुका आठवायच्या. शशीच्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचं घोडं त्यांच्याच सहीवर अडलेलं. सही झाली तर जर्सी सिटी, नाही झाली तर भरा बॅगा!

२००६ सालच्या एका शुक्रवारी हालिनाबाई शिकागोहून कॉन्फरन्स कॉलवर होत्या. शांतपणे म्हणाल्या, "सॉफ्टवेअरचं रिलीज पुढच्या महिन्यात नाही. पुढच्या शुक्रवारी."

"अरे बाबा, बाबा, बाबा!" शशीच्या तोंडून निघून गेलं. आपल्या तोंडून निघतंच हो, काय करणार?

फोनवर पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि लाइन कट झाली.

शेजारी बसलेली टेस्टिंगमधली रशियन लुदमिला पांढरीफटक पडली होती. "शशी, तू तिला काय म्हणालास?"

"काही नाही गं! आम्ही असंच म्हणतो. बाबा म्हणजे वडील."

"आमच्याकडे बाबा म्हणजे बाई. पण चिडून म्हटलेली. पोलिशमध्येही तेच. तू तिला थेरडी म्हणालास, शशी! आणि एकदा नाही, तीनदा!"

घरी निघेपर्यंत बाईंचा ईमेलही येऊन थडकला. 'सोमवारी सकाळी केबिनमध्ये ये. महत्त्वाचं बोलायचंय.' संपलं! पाथ ट्रेनमध्ये तो इतका भेदरून उभा होता, की एका आजीबाईंनी उठून त्याला बसायला जागा दिली.

"तू बॉसला थेरडी म्हणालास?" नीलांबरी किंचाळली.

"मी बाबा म्हणालो!"

"अरे, इथं नुसतं काकू म्हटलं तरी बायकांना राग येतो! आता रे काय?"

"आता जायचं परत. सोफा विकू. गाडी विकू."

"आणि माझा परवाच घेतलेला राइस कुकर?"

शशी खरोखर घाबरला होता. गावातल्या प्रत्येक लग्नात त्याच्या आईने "आमचा शशी अमेरिकेत असतो" म्हणून सांगितलेलं. आता ती माऊली काय सांगणार? शशीला अमेरिकेनं परत पाठवला, बाईला थेरडी म्हणाला म्हणून?

शनिवारभर तो कॉम्प्युटरला चिकटून होता. पोलिश माणसाची माफी कशी मागावी? फुलं न्यावीत. पण मोजून! विषमच हवीत. सम फुलं फक्त मयताला नेतात.

"नीलू, बघ! आपल्यासारखंच! आपण नाही का अकरा, एकवीस, एकशे एक देत?"

"लाल आणू नकोस हं," नीलांबरीने बजावलं. "आधीच काय कमी घोळ घातलायस?"

म्हणून रविवारी अकरा पांढरे गुलाब आले. ते शशीने दुकानात मोजले, घरी येऊन मोजले आणि सोमवारी आंघोळीला जाण्याआधी पुन्हा मोजले. अकराच! आंघोळ उरकून तो मायक्रोवेव्हवरच्या गणपतीपुढे डोळे मिटून उभा राहिला. "बाप्पा, सांभाळ रे!" बाप्पाच्या मुकुटावर आज टपोरं पांढरं फूल होतं. पण घाबरलेल्या माणसाला मुकुट दिसत नाही. त्याने गुच्छ उचलला आणि पळाला.

केबिनमध्ये हालिनाबाई काळ्या कपड्यांत बसल्या होत्या. शशीचं धाबं दणाणलं. त्याने सरळ गुच्छच पुढे केला.

बाईंनी तो घेतला. त्यांची नजर एकेका गुलाबावरून फिरली. ओठ हलले. मोजत होत्या!

"दहा," त्या पुटपुटल्या.

"नाही, नाही! अकरा!" शशीने मोजले. दहा. उलट्या बाजूने मोजले. दहाच! आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे तो मुकुट उभा राहिला. देवाला वाहिल्याशिवाय फूल घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा नीलांबरीच्या माहेरचा नियम! शशीला दरदरून घाम फुटला. आधी बाईला थेरडी म्हणालो आणि आता तिच्या हातात मयताची फुलं दिली! आता व्हिसा कसला, पोलीसच येतील!

"अकराच होती, खरंच," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "एक माझ्या बायकोने देवाला वाहिलं."

हालिनाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी गुच्छ छातीशी धरला.

"एक देवाला! आणि दहा माझ्या मावशीला! तुला कसं कळलं, शशी? मी तर इथं कुणालाच बोलले नाही. शुक्रवारी कॉल चालू असतानाच मोबाइलवर बहिणीचा फोन आला, मावशी गेली म्हणून. मला वाढवलं होतं रे तिने! माझ्या हातून रिसीव्हरच पडला."

शशीने चाचरत विचारलं. "म्हणजे शुक्रवारी मी जे बोललो, ते..."

"काय बोललास? मी तुझं काही ऐकलंच नाही."

दोन दिवस जेवण नाही, झोप नाही, सोफ्याची किंमतसुद्धा ठरवून झालेली! आणि बाईंनी ऐकलंच नव्हतं! शशीला हसावं की रडावं कळेना. पण समोरची बाई खरोखर रडत होती, आणि तिच्या दुःखावर आपण फुकटचे भले ठरतोय याची त्याला मनापासून लाज वाटली. तो खाली मान घालून गप्प उभा राहिला. त्यामुळे तो आणखीनच भला दिसला!

बाईंनी डोळे पुसले, एक्स्टेन्शनवर सही ठोकली आणि म्हणाल्या, "मी आज पोलंडला निघतेय. तुझ्याइतका समजूतदार माणूस इथं दुसरा नाही. म्हणूनच बोलावलं होतं. शुक्रवारचं रिलीज आता एकटा तू सांभाळायचंस."

"अरे बा..." शशीने जीभ चावली. कसाबसा केबिनबाहेर आला. बाहेर लुदमिला जीव मुठीत धरून उभी होती. त्याने सही दाखवली, भिंतीला टेकला आणि सुटकेचा मोठा निःश्वास सोडला.

"अरे देवा, देवा, देवा!"

लुदमिलाचा चेहरा पुन्हा पांढराफटक पडला. "शशी, रशियनमध्ये देवा म्हणजे..."

"नको!" शशीने कानांवर हात ठेवले. "सांगू नकोस! मी मराठी सोडली!"