बेअरिंग गेलंय

मशीन कुठलंही असो, त्याचं दुखणं मी कानानं ओळखतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. सुप्याच्या एमआयडीसीत आठ वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपचा फिटर होतो, माझा अंदाज कधी चुकला नाही. म्हणजे अठ्ठ्याण्णव सालच्या त्या मंगळवारपर्यंत तरी नाही.

त्याच आठवड्यात आमच्या फोरमनची जागा रिकामी झाली. सोमवारी मॅनेजर गुगळेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "भाऊसाहेब, उद्या पुण्याचे पाहुणे शॉप बघायला येतायत. लाईन बंद पडली नाही, तर जागा तुमची." मी पेढे घेऊनच घरी गेलो.

जेवायला बसलो, तर कुठून तरी बारीक 'शीं' असा आवाज.

"सुमन, टेबलफॅनचं बेअरिंग गेलंय."

"मला तर काय ऐकू येत न्हाई."

"तुला कसं येणार? त्याला कान तयार लागतो."

भात वाढेपर्यंत मी फॅन सुटा केला. आवाज तसाच! मग तो शेजारच्या गिरणीचा असणार असं ठरवून मी फॅनचे सगळे भाग घमेल्यात भरले आणि घमेलं कॉटखाली सरकवलं. सुमन उकाड्यात पदरानं वारा घेत बसली.

मंगळवारी शॉपमध्ये गेलो, तर तिथंही 'शीं'. पाहुण्यांसमोर बेअरिंग जाम झालं असतं, तर फोरमनकी बोंबलली असती. कॉम्प्रेसरला स्क्रूड्रायव्हर लावला, आवाज आहे. प्रेसला लावला, आहे. साहेबांच्या केबिनच्या दाराला लावला, तिथंही आहे. बिघाड चांगलाच पसरला होता.

"साहेब, कॉम्प्रेसर खोलावा लागेल."

"आज? पाहुणे तासाभरात पोचतील!"

"माझ्या कानावर विश्वास आहे ना?"

होता बिचाऱ्यांचा. आम्ही लाईन थांबवून कॉम्प्रेसर खोलला. बेअरिंग नव्या नवरीसारखं चकचकीत. मग मी मोटर खोलायला घेतली. मदतीला भीमराज होता. हा आमचा धाकटा फिटर, प्रेस चालू असला की दोन्ही कानांत कापूस घालायचा. आम्ही सगळे त्याला बाळंतीण म्हणायचो. ते नाव मीच ठेवलेलं.

"भाऊ, मला कायच वाकडं वाटत न्हाई," तो म्हणाला.

"बाळंतिणीनं बोलू नये."

तेवढ्यात पाहुणे आले. एकाच्या हातात वही, एकाच्या हातात घड्याळ. साहेबांना घाम फुटला. आणि अचानक सगळ्या शॉपमधला गोंगाट बंद झाला. अशी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. मी मोटरला कान लावून आनंदानं ओरडलो, "ऐका साहेब! आता कसा स्पष्ट येतोय!"

सगळे माझ्याकडे बघत होते. भीमराज हळूच म्हणाला, "भाऊ, लाईट गेलीय."

दुसऱ्या दिवशी सुमननं मला नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, "कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. प्रेसच्या दणक्यानं तुमच्या काही कायमच्या गेल्यात. त्यामुळे बारीक आवाज मेंदूपर्यंत पोचत नाहीत. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण काय करतो?"

"आवाज वाढवतो."

"मेंदूही तेच करतो. मग स्टेशन लागत नाही, नुसती खरखर मोठी होते. हा आवाज तुमचा मेंदू तयार करतोय, मशीन नव्हे."

म्हणजे मी दोन दिवस स्वतःलाच स्क्रूड्रायव्हर लावून हिंडत होतो. मला फार लाज वाटली. "औषध काय?"

"आता कान जपा, कामावर कापूस नको, चांगले इअरप्लग घाला. आणि अगदी शांत खोलीत बसू नका, तिथं तो जास्त जाणवतो. जवळ हलका आवाज असू द्या. साधा टेबलफॅन चालू ठेवला तरी पुरे."

सुमन पदरानं वारा घेऊ लागली.

घरी येऊन मी घमेलं ओढलं आणि फॅन जोडला. तीन स्क्रू उरले. बटण दाबलं, तर फॅन बैलगाडीसारखा खडखडला. शेवटी सुमन स्वतः जाऊन आमच्या नव्या फोरमनला घेऊन आली. त्यानं माझाच स्क्रूड्रायव्हर मागितला, टोक फॅनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बेअरिंग झकास हाय, भाऊ," भीमराज म्हणाला. "तुमी उलटं बसवलंय."