घरामागे एक बीपी

आसगावच्या इतवारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळ्यामुळे नाही, दंडामुळे अडलं. पवनीच्या शिबिरात डॉक्टर मेघा यांनी दंडाला पट्टा बांधला आणि बीपीचा वरचा आकडा आला एकशे अडुसष्ट. त्याआधी इतवारीने सायकल दामटली होती, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरला होता आणि रांगेत मध्ये घुसणाऱ्या एकाशी सुरू केलेलं भांडण अर्धवट सोडलं होतं. यातलं त्याने काहीच सांगितलं नाही. त्याला फक्त नाव विचारलं होतं.

"आठ दिवस घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वहीत लिहून आणा. आकडे बरे असले तर पुढच्या बुधवारी ऑपरेशन."

इतवारीचं घर मासेमारीचं. गावच्या मच्छीमार सोसायटीची जाळी सांधायचं काम त्याच्याकडे. पण दोन वर्षांपासून डोळ्यांपुढे धुकं होतं, आणि गेल्या हंगामात त्याने सांधलेल्या जाळ्यातून मासोळ्या शिस्तीत निघून गेल्या. सोसायटीचे अध्यक्ष यादोराव यांनी सांगून टाकलं होतं, "इतवारी, या शिबिरात डोळा नाही झाला तं काम प्रफुल्लले देतो. तुह्यावर राग नाही माहा. पन जाळ्यानं मासोळीले थोडं तरी अडवा लागते गा."

नागपूरच्या मुलीने, रुचिताने, बीपीचं मशीन पाठवलं. गावची आशाताई ज्योत्स्ना येऊन शिकवून गेली. "काका, पाच मिनिटं चूप बसा. पाठ टेका, पाय भुईवर. अर्धा तास आधी चहा नाही, खर्रा नाही. आन् मशीन चालू असताना बोलाचं नाही."

"मंग जगाचं कायले?"

"तेबी मंग इचारा."

ज्योत्स्ना गेल्यावर पट्टा फुगू लागला. लहानपणी तलावात इतवारीचं बोट खेकड्याने धरलं होतं. दंड आवळताच तेच आठवून त्याने हात ओढून घेतला. मशीनने आकडा दिलाच नाही. इतवारीने पट्टा सोडवला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

आसगावच्या सोसायटीत मासोळीचा वाटा माणसामागे नाही, घरामागे एक असतो. टोपली घेऊन नवरा आला की बायको आली, कोणी पाहत नाही.

"सुंदर, हात दे," इतवारी बायकोला म्हणाला.

"माहा कायले?"

"वाटा आनाले तू जातेस का नाही? तवा कोनी म्हनते का, इतवारीचा वाटा सुंदरबाईले कायले? घर एक, वाटा एक. विहीर एक, मिठाचा डबा एक. मंग बीपी काय दोन राहीन?"

सुंदरबाईला हे पटलं असं नाही, पण चुलीवर भात होता आणि वाद घालायला वेळ नव्हता. तिने हात दिला. तीस वर्षांत तिचं कधी डोकंही दुखलं नव्हतं. असा दंड घरात असताना आपला वापरण्यात इतवारीला अर्थ दिसेना.

त्याला आकडा दिसत नव्हता, म्हणून तिनेच वाचला. "एकशे चौसष्ट. खाली अठ्ठ्यान्नव."

"नीट पाह्य."

"मोतीबिंदू तुमाले हाय जी, मले नाही."

इतवारी घाबरला. घराचं बीपी उतरवायला त्याने दुसऱ्याच दिवसापासून खर्रा सोडला, मीठ सोडलं, सुकवलेली खारी मासोळी सोडली. सकाळी तलावाच्या पाळीवर दोन चकरा मारू लागला. सुंदरबाई त्याच्यासाठी अळणी भाजी वेगळी रांधू लागली. चौथ्या दिवशी आकडा एकशे बहात्तरवर गेला.

"मी एवढं पथ्य करून रायलो, आन् हे चढूनच रायलं!"

"मंग मले कायले बोलता? दोन-दोन भाज्या रांधून रायली मी. तुमची खारी मासोळी बी मलेच संपवा लागते. फेकू काय?"

सहाव्या दिवशी एकशे शहात्तर झाले. इतवारीने आवाज खाली आणला. "एकशे वीस लिही नं वं. डोळ्याचा सवाल हाय."

"खोटा आकडा मी लिहीत नाही," सुंदरबाई म्हणाली आणि एकशे शहात्तरच लिहिले. हात कोणाचा, हा प्रश्न त्या घरात खोटेपणात मोडत नव्हता.

बुधवारी दोघं बसने पवनीला गेली. प्रफुल्लने जाळी सांधायची सुई मागून ठेवली आहे, हे निघतानाच कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि चष्मा सारखा केला. मग इतवारीचं बीपी मोजलं. एकशे चोवीस. दुसऱ्या हातावर एकशे बावीस. मशीन बदलून पुन्हा एकशे चोवीस.

"काका, ही वही कोणाची?"

"घरची."

"आणि बीपी?"

"तेबी घरचंच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. थोडं खोदल्यावर वाट्याचा, विहिरीचा आणि मिठाच्या डब्याचा सगळा हिशेब बाहेर आला. बाहेर बाकावर शिदोरी धरून बसलेल्या सुंदरबाईला आत बोलावलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे सहा.

"मले तं काही होत नाही जी बाई," सुंदरबाई म्हणाली. "चक्कर नाही, डोकं नाही."

"काही होत नाही म्हणूनच मोजावं लागतं, मावशी. आतल्या आत नसा खराब करतं, आणि कळतं ते एकदम, लकवा मारल्यावर. हे आठ दिवस यांनी स्वतःचा हात दिला असता तर तुमचं कळलंच नसतं."

आपण काहीतरी केलं आहे, एवढं इतवारीला कळलं. चांगलं की वाईट, ते त्याने विचारलं नाही. त्या दिवशी त्याला ऑपरेशन मिळालं, सुंदरबाईला गोळी.

महिन्याने वहीत मधोमध रेघ आली. दोन्ही बाजूंना एकेक नाव. अळणी भाजी एकाच भांड्यात शिजू लागली. इतवारी पट्टा बांधून पाठ टेकून बसला होता. नव्या डोळ्याने समोरच्या खुंटीवरचं जाळं पहिल्यांदाच नीट दिसलं. त्यातून बकरी आरामात गेली असती.

"सुंदर, हे कोन्या आंधळ्यानं सांधलं वं?"

"तुमीच. बोलू नका, मशीन चालू हाय."

पट्टा सैल झाला. इतवारीने आकडा स्वतः वाचला. एकशे बावन्न.

"हा नको लिहू," तो म्हणाला.

"हात कोनाचा?" सुंदरबाईने विचारलं आणि पेनचं टोपण काढलं.