केतकी रोज दुपारी मरते

आमच्या शेजारची केतकी रोज दुपारी मरते. माझं बाळ झोपलं की लगेच. पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून "सोडा मला, मी निर्दोष आहे" असं ऐकलं आणि मी तशीच धावले, कडेवर बाळ, हातात लाटणं. तर ही पंधरा वर्षांची घोडी कपाटाच्या आरशासमोर आडवी पडलेली. एक डोळा उघडून म्हणते, "काकू, जरा थांबून यायचं ना. माझं मरण व्हायचं होतं अजून."

काकू म्हणे. मला अजून विशी नाही लागली.

जळगावच्या बाहेर ही आमची नवी कॉलनी. मागे कपाशी, पुढे कपाशी, मध्ये एकाच भिंतीला चिकटलेली घरं. तिच्या वडिलांची मुंबईहून बदली झाली म्हणून हे लोक इथे आले. तिथे ती नाटकात कामं करायची. पुढच्या नाटकात मोठं काम मिळणार, तेवढ्यात वडिलांनी सामान ट्रकमध्ये भरलं. हे तिने मला सांगितलं, तिच्या आईने सांगितलं, मग पुन्हा तिने रडून सांगितलं. ती खरं रडते की रडून दाखवते ते मला कळत नाही. मी सातवीतून शाळा सोडलेली, कोणी रडलं की मला भीतीच वाटते.

तिच्याशी भांडायचीही सोय नाही. एकदा नळावर मी चिडून म्हटलं, "अगं, बाळ दचकून उठतं माझं, काही लाज आहे का?" तर हंडा खाली ठेवून म्हणते, "छान होतं काकू, पण पुन्हा म्हणा. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही." मागच्या रांगेत पाटलांची म्हैस होती.

माझ्या सासूबाई म्हणतात, "हाई पोर रोज मरस, आन जीव मातर आपला जास."

मग गुलाबाई आली. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला मातीची गुलाबाई बसवतात. मग महिनाभर रोज संध्याकाळी पोरी पाळीपाळीने घरोघर जाऊन तिची गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरचा खाऊ झाकल्या डब्यात वाजवतात, तो ओळखायचा. इतकी साधी गोष्ट. केतकीने तिचंही नाटक केलं. गाणं मध्येच थांबवायची. "तू सासू हो. तू मागे हो, चेहरा लाकडासारखा नको करू." एका चिमुरडीला चक्कर येऊन पडायला लावलं, ती खरंच उंबऱ्यावर आपटली. तिची आई दारात येऊन म्हणाली, "मुंबईचं मुंबईत ठेव, बाई. आमच्या पोरी धड राहू दे."

त्यानंतर पोरी तिला टाळायला लागल्या, आणि तिच्या घरची पाळी तर तोंडावर आलेली. ती दारोदार जाऊन बोलावून आली. माझ्याकडेही आली. "सगळ्या येतील ना काकू?"

"येतील की," मी म्हटलं. मनात म्हटलं, बाळ झोपलं म्हणजे मिळवलं.

त्या संध्याकाळी बाळ नुकतं लवंडलं आणि पलीकडे गाणी सुरू झाली. एक जाड आवाज, एक किनरा, एक बोबडा, वर टिपऱ्या. बाळ उठलंच. सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठी कॉलनी तठे जमनी वाटस." सगळी कॉलनी तिथे जमलीय असंच मलाही वाटलं. मी बाळाला घेऊन तरातरा गेले आणि दार ढकललं.

भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या अंथरलेल्या. गुलाबाईपुढे दिवा. आणि खोलीत केतकी एकटी. जाड आवाज तिचाच, किनरा तिचाच, बोबडाही तिचाच. तिची आई ओट्याशी पाठ करून उभी होती, ती वळली नाही.

केतकी टिपऱ्या खाली ठेवून हळू बोलली, "बाहेर वाटायला नको ना, कोणी आलं नाही म्हणून."

इतका राग आलेला आणि तो कुठे ठेवू ते कळेना. मी बाळाला सतरंजीवर ठेवलं आणि बसले. "वाजव तुझा डबा."

तिने वाजवला. शेंगदाण्याचे लाडू. वास तर मला दारातच आला होता.

"शंकरपाळे," मी म्हटलं.

"नाही."

"चकली."

"नाही."

करंजी, चिवडा, फुटाणे, मला येत होती तेवढी सगळी नावं घेतली. नावं संपली, तसं मी म्हटलं, "खीर."

"काकू, खीर कधी वाजते का?"

"तुमच्या मुंबईत नसेल वाजत. आमच्याकडे वाजते."

तिने डबा पोटाशी धरला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "मग अजून ओळखा."