बसप्पा पक्कं करत नाहीत

बसप्पा सकाळी मिलमध्ये आले की आधी यंत्राची खुशाली विचारत. माणसांचा नंबर नंतर.

लातूरच्या आमच्या डाळमिलमध्ये तूरडाळ निवडणारं कॅमेऱ्याचं यंत्र आहे. वरून डाळ पडते, कॅमेरा बघतो आणि डागी दाण्याला हवेच्या फटक्यानं बाजूला उडवतो. त्याचा पडदा केव्हाच मेला. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "नवं घ्या." बसप्पा म्हणाले, "डोळा शाबूत हाय. वाचा गेली म्हणून म्हातारीला घराबाहेर काढताव का?"

आणि चिकटपट्टी गुंडाळलेली केबल जुन्या लॅपटॉपला जोडून ते यंत्राशी थेट बोलू लागले. एक आज्ञा टाइप करायची, यंत्राचं 'ओके' येईस्तोवर हात मांडीवर. मग पाठवलेला आकडा परत मागवून वाचायचा. अशा एकतीस आज्ञा, रोज; सेव्ह न केलेले आकडे यंत्र बंद झालं की विसरतं.

"एकदाच सेव्ह करून टाका की," मालक वैतागत.

"न्हाई. पक्कं केलं की माणूस बघायचं सोडतो."

चहावाल्यालाही सुटका नव्हती. "दोन बिनसाखरेचे. काय सांगितलं?" त्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय त्याला हलू देत नसत. मुलीच्या लग्नात तर त्यांनी लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींनाही मुहूर्त पुन्हा म्हणायला लावला होता.

मी या मिलचा मॅनेजर. मनातलं बोलण्याची मला सवय नाही. आता मात्र लिहूनच टाकतो.

दोन वर्षांपूर्वी बसप्पा सकाळी आकडे लावून दुपारच्या एसटीनं निलंग्याला पाहुण्यांकडे गेले. ट्रक फाटकात उभा, मालकांचे फोनवर फोन, आणि यंत्र निम्मी डाळ बाहेर फेकत होतं. मी लॅपटॉप उघडला. डाग धरायचा आकडा बासष्टचा तीस केला, तसं यंत्र कमी दाणे फेकू लागलं, आणि इंजिनिअरचं बघून शिकलेलं सेव्हही केलं. ट्रक वेळेत गेला. चौथ्या दिवशी सगळा माल डागांसकट परत आला.

मालकांनी सगळ्यांना ऑफिसात उभं केलं. "आकडा कुणी हलवला?"

मी फरशी बघत होतो.

"यंत्र माझं हाय," बसप्पा म्हणाले. "जबाब मी देतो."

"मग माफी मागा."

"यंत्राची मागतो. तुमची न्हाई."

त्यांना पोती शिवायला बसवलं. नवा ऑपरेटर त्यांनीच लिहून ठेवलेल्या वहीतून आज्ञा पाठवू लागला. बसप्पा आता सकाळी मला फाटकात गाठत. "काय मॅनेजर साहेब, सगळं ठीक?" मी म्हणायचो, "ठीक." तरी ते जरा जास्तच वेळ थांबत.

मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून 'ठीक' निघेना. तिथंच सगळं सांगितलं.

"माहीत हाय," ते म्हणाले. "निलंग्याहून आलो, यंत्र चालू केलं, तर तीस. सेव्ह मी करत न्हाई. इथं दुसरं कुणाला येतंय, तुम्ही सोडून?"

"मग नाव का नाही घेतलंत?"

"तुमचं तुम्ही सांगायचं. मी कशाला?"

"निदान मला तरी विचारायचं."

"रोज विचारतोच की."

मी तसाच मालकांकडे गेलो. ते म्हणाले, जुनं कशाला उकरता. मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली, पहिल्यांदाच बसून बोललो: बसप्पा उद्या यंत्रावर नसतील तर मीही मिलमध्ये नसेन. मालकांना आवडलं नाही. न आवडो.

दुसऱ्या दिवशी बसप्पांनी यंत्र चालू केलं, आकडा मागवला. तीस. रोज वरून बासष्ट पाठवलं जात होतं, पण आत दोन वर्षं मी सेव्ह केलेले तीसच बसून होते. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी बासष्ट टाकले. 'ओके' आलं. परत मागवून, मोठ्यानं वाचले.

मी उठू लागलो.

"बसा," बसप्पा म्हणाले. "हे तेवढं पक्कं करा."