मार्थाच्या लुगड्याचं शीड

"होडी हाय का पोरांचा खेळना?" असं तिची होणारी विहीण, अर्नाळ्याची ग्रेसी, हसत म्हणाली, तेव्हाच मार्थाने ठरवलं. लेकाच्या साखरपुड्याला विहिणीच्या दारात उतरायचं ते त्याच होडीतून, आणि उतरायचं ते गाव बघत राहील असं.

होडी तिच्या स्टॅनीची. कुठल्याशा रिसॉर्टने टाकून दिलेलं जुनं कॅटामरान त्याने पाचूबंदरला आणलं होतं. दोन अरुंद फायबरच्या होड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, मध्ये बसायला ताणलेलं जाळं आणि एकच मळकट शीड.

"पुढं अजून एक शीड लाव. मोठं," मार्था म्हणाली.

"आये, जुनी हाय ती. इथं दाब." दांडी होडीला जिथे जोडली होती, तिथे त्याने तिचा अंगठा टेकवला. जागा पिकल्या केळ्यासारखी दबली. "जादा शीड म्हनजे जादा ओढ. आधी इथं फायबर मारू, मग काय लावायचं ते लाव."

"साखरपुडा रविवारी हाय. तवर तुजा फायबर सुकनार? तुजा बाप ठिगळांच्या शिडावर समुद्र फिरला."

"पप्पाची होडी सागाची होती."

"आनि तुजी होनारी सासू ग्रेसी हाय. कोन जास्त कडक, तू ठरव."



मार्थाने पेटीतलं लाल चौकड्यांचं लुगडं काढलं. दुहेरी केलं आणि जाळं विणायच्या नायलॉन दोऱ्याने शिवायला घेतलं. शेजारची प्रिसिला म्हणाली, "काकी, एवढं घट्ट कशाला? वारा जास्त झाला तर फाटून जाऊ दे की."

"माजी शिवन फाटत नाय," मार्था म्हणाली.

रविवारी वारा छान होता. पुढे लाल शीड फुगलं, जाळ्यावर मार्था बसली, अंगठीची डबी कमरेला खोचून. अर्नाळ्याच्या वाळूवर ग्रेसीचं अख्खं घराणं उभं दिसलं.

"वारा वाढलाय. लाल शीड उतरवतो," स्टॅनी ओरडला.

"हात लावशील तर बघ! आता तर ती बघतेय."

ग्रेसीने पाहिलं, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. लुगडं ताणलं, शिवण उसवली नाही, कापड फाटलं नाही. मग फाटायचं ते होडीने फाटून घेतलं. कडकड करत दांड्या निखळल्या, डोलकाठी आडवी झाली आणि एका होडीवर स्टॅनी, दुसरीवर मार्था, असे दोघे कमरेइतक्या पाण्यातून वेगवेगळे किनाऱ्याला लागले.

"विहीनबाई, हे काय?" ग्रेसीने विचारलं.

मार्था पदर पिळत उभी राहिली. "आमच्यात नवऱ्या मुलाला आईच्या होडीत बसवत नाय. त्याची वेगळी, माजी वेगळी. तुमच्यात एकच आनतात?"

ग्रेसीचा चेहरा पडला. मग तिने मान ताठ केली. "तर मग लग्नात माज्या पोरीला, शॅननलापन वेगळी होडी पायजे. आनि हेच लाल शीड."

स्टॅनीने दोन्ही होड्या दुरुस्त करून देतो म्हटलं. पण एका अटीवर: आधी शीड उसवायचं आणि साध्या धाग्याने शिवायचं, म्हणजे पुन्हा वारा आलाच तर शीड फाटेल, होडी वाचेल.

दुसऱ्या दिवशी मार्था ओट्यावर कात्री घेऊन बसली. एकही टाका निघेना. शेवटी कात्री आपटून ती प्रिसिलावर खेकसली, "मेलं हे शिवलंय तरी कोनी!"