गाडी रनिंगमध्ये आहे

मानवी प्रगतीचा इतिहास हा वेगाचा इतिहास आहे, आणि वेग ज्याला लाभणार असतो त्याला आधी काही काळ फार हळू चालावं लागतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. तालुक्यातालुक्यात पंचायत समित्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि 'लवकरच' हा शब्द जो तो मोठ्या जबाबदारीने वापरत होता. पिंपळगाव राजाला पक्का रस्ता लवकरच होणार होता, वीज लवकरच येणार होती आणि भगवंतरावांची फटफटी लवकरच येणार होती. या तिन्हींपैकी ती एकटीच खरोखर आली. तेव्हा गावाने तिला शासनाचंच एक खातं मानलं, यात गावाची चूक नाही.

भगवंतराव मिरची आणि वांगी पिकवत असत, आणि अलीकडे पंचायत समितीचे सदस्यही होते. (पहिल्या दोन गोष्टींना पाणी लागे.) अकोल्याच्या दुकानात त्यांनी नंबर लावला तेव्हा शेजारच्या उकंडरावांच्या घरी बारसं होतं, नंबर लागला तेव्हा ती मुलगी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होती. मधल्या काळात भगवंतराव 'नंबर लावलेले गृहस्थ' म्हणून ओळखले जात. लग्नाच्या पंगतीत त्यांना पहिल्या रांगेत बसवत. गाडी असलेल्या माणसापेक्षा नंबर लावलेल्या माणसाला मान जास्त असतो, कारण त्याची गाडी अजून बिघडलेली नसते.

ही फटफटी दुधाचे कॅन किंवा बाजाराच्या पिशव्या वाहायला केलेली नव्हती. ती लांब पल्ल्याची आणि वेगाची होती. दुकानदाराने सोबत एक रंगीत पत्रक दिलं होतं. त्यात एक तरतरीत पुरुष ती डोंगराच्या वळणावरून पळवत होता आणि मागे बसलेल्या बाईचा रुमाल वाऱ्यावर उडत होता. भगवंतरावांनी ते पत्रक देवळीशेजारी चिकटवलं. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई सकाळ-संध्याकाळ दिवा लावताना ते पाहत. डोंगर, वळण, तरतरीत पुरुष यांपैकी कशातच त्यांना रस नव्हता. मागे बसायला जागा आहे, एवढीच एक गोष्ट त्यांनी त्यातून घेतली.

सत्यभामाबाईंचं माहेर संग्रामपूरचं, म्हणजे चाळीसेक मैलांवरचं. तिथे त्यांची म्हातारी आई भाऊ शालिग्राम याच्याकडे राहत होती आणि दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. एसटीने जायचं तर दोनदा गाडी बदलावी लागे आणि अख्खा दिवस मोडे, पण सत्यभामाबाई आजवर तशाच जात आल्या होत्या. गाडी दारात आली, तिची पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, पेढा वाटला गेला. मग त्यांनी हळूच विषय काढला.

"अवो, आता फटफटी आली तं मायले पाहून येऊ म्हन्लं."

भगवंतरावांनी पत्नीकडे असं पाहिलं, जसं सभापती हरकतीच्या मुद्द्याकडे पाहतात.

"गाडी रनिंगमंदी हाय," ते म्हणाले.

रनिंग म्हणजे काय, हे पिंपळगावात तोवर कुणाला माहीत नव्हतं. महिन्याभरात शेंबड्या पोराला माहीत झालं. नव्या इंजिनाचा पिस्टन एक हजार मैल नीट बसावा लागतो. तोवर ताशी तीस मैलांच्या वर जायचं नाही, दर दहा मैलांनी इंजिनाला विश्रांती द्यायची आणि फाजील वजन घालायचं नाही. कंपनीने एवढंच सांगितलं होतं. परंतु कंपनी लांब होती आणि तिला वऱ्हाडची माहिती नव्हती, म्हणून भगवंतरावांनी या नियमांत स्थानिक परिस्थितीनुसार भर घातली. अमावास्येला गाडी चालू करायची नाही. वारा सुटला असता काढायची नाही. हँडलला पिशवी अडकवायची नाही. म्हैस आडवी गेल्यास इंजिन बंद करून म्हैस पूर्ण जाऊ द्यायची. मागे बाईमाणूस बसवायचं नाही. (हा शेवटचा नियम 'फाजील वजन' या सदरात मोडतो, असं त्यांनी विचारणाऱ्यांना समजावून सांगितलं. सत्यभामाबाई अंगाने सडपातळ होत्या. प्रश्न तत्त्वाचा होता.)

त्याहून सूक्ष्म असा आणखी एक सिद्धान्त त्यांनी मांडला. गाडी कामाला नेली तर त्याला रनिंग म्हणत नाहीत, वापर म्हणतात. रनिंग शुद्ध हवं. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा ते स्वच्छ धोतर नेसून, टोपी नीट बसवून, कशासाठीही नव्हे असे नांदुऱ्यापर्यंत जात आणि तसेच परत येत. नांदुऱ्याला इंजिन सावलीत उभं करून ते चहा घेत. जमलेले लोक इंजिनाला हात लावून पाहत आणि चटका बसला की समाधानाने मान हलवत. मिरचीचं बी संपलं असलं तरी त्या फेरीत ते आणत नसत. बी आणायला दुसऱ्या दिवशी बैलगाडी जाई.

नांदुरा हे संग्रामपूरच्याच रस्त्यावर आहे, हा निव्वळ योगायोग.

"फटफटी बसत नाई तोवर मी येश्टीनं जाऊन येतो," एकदा भाकरी वाढता वाढता सत्यभामाबाई म्हणाल्या.

"येश्टीनं?" भगवंतरावांचा घास हातातच राहिला. "घरात फटफटी असून तू येश्टीनं जाशीन? स्टँडावर लोकं काय म्हनतीन? भगवंतरावची बायको पिशवी घेऊन रांगेत उभी हाय म्हनतीन! मंग कायले घेतली गाडी?"

"मले बी तेच समजत नाई," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि कालवण वाढून आत गेल्या.

तर्काच्या दृष्टीने भगवंतरावांचं म्हणणं बिनतोड होतं. घरात गाडी आहे म्हणून एसटीने जाता येत नाही, आणि गाडी रनिंगमध्ये आहे म्हणून गाडीवरही जाता येत नाही. गाडी नसती तर बाई केव्हाच जाऊन आल्या असत्या, पण मग प्रगती झाली नसती. ज्या घरात वाहन येतं त्या घरातल्या बाईचं जाणं-येणं प्रथम बंद पडतं. पंचायत समितीच्या विकासाच्या आराखड्यात याला काय म्हणतात, ते सदस्यांनाच ठाऊक.

थंडी पडली तशी गाडीची काळजी वाढली. इंजिन गारठू नये म्हणून भगवंतरावांनी घरातली सगळ्यात जाड गोधडी मागितली. ती संग्रामपूरची होती. म्हातारीने डोळे बरे होते तेव्हा शिवलेली. तिच्यात सत्यभामाबाईंच्या लहानपणच्या परकराचे तुकडे होते आणि मधोमध म्हातारीच्या एका हिरव्या लुगड्याचा पदर. संध्याकाळ झाली की ती गोधडी फटफटीवर पडे. सत्यभामाबाई जाड्याभरड्या चवाळ्यावर निजत. रस्त्याने जाणारे थांबून म्हणत, "भगवंतरावनं गाडी कशी पोटच्या लेकरावानी ठेवली!" पोटच्या लेकरांना गावात इतकं कुणी जपल्याचं कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे तुलना कशाशी होत होती हे स्पष्ट झालं नाही.

संक्रांतीनंतर शालिग्राम स्वतः आला. तो एसटीने आला होता, म्हणून त्याला बसायला घोंगडी मिळाली. खुर्चीवर गाडीचं सामान होतं.

"भाऊजी, बाईले चार दिवस धाडा," तो म्हणाला. "माय वाट पाहून राह्यली. कोनी दारात आलं का म्हनते, सत्या आली का वो?"

"अरे, धाडतो म्हंजे? मीच आनतो तिले! फटफटीवर बसवून, शिध्धी तुया दारात!" भगवंतराव खरोखर कळवळून बोलले. "सातशे झाले. तीनशे राह्यले. तुया मायले सांग, जराशी थांब म्हना."

शालिग्रामने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने गाडीकडे पाहिलं. मग शालिग्रामने चहा घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "गॅलनमंदी किती जाते?"

पुढचा अर्धा तास बरा गेला.

म्हातारीला निरोप मिळाला. ती थांबलीही. सातशे मैलांची थांबली, आठशेंची थांबली, नऊशे झाल्यावर पाणी चमच्याने घेऊ लागली. फटफटीने तोवर जेवढं अंतर कापलं होतं तेवढ्यात संग्रामपूरला अकरा वेळा जाऊन परत येता आलं असतं. हा हिशेब गाडीच्या पुस्तिकेत दिलेला नसल्यामुळे भगवंतरावांनी केला नाही. सत्यभामाबाईंनी तो चुलीपुढे बसून केला होता, आणि चुलीशीच ठेवला होता.

होळीच्या आधी एका सकाळी पहिल्या एसटीने संग्रामपूरचे जानराव आले. ते नात्यातले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पण आत आले नाहीत. उंबऱ्याशीच उभं राहून म्हणाले, "बाई, माय गेली. काल दिवस बुडता बुडता."

सत्यभामाबाई रडल्या नाहीत. आत गेल्या, पिशवीत एक लुगडं टाकलं आणि बाहेर आल्या.

"चाल बाई, नांदुऱ्याची गाडी सुटाची हाय," जानराव म्हणाले. "दुपारपावतर ठेवतो म्हने शालिग्राम, तुयासाठी."

सत्यभामाबाईंनी एका पायात चप्पल घातली होती. तेवढ्यात भगवंतराव आतून आले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि निर्णयही होता.

"येश्टीनं नाई," ते म्हणाले. "आज तं मी तिले गाडीवरच नेतो. मंग रनिंगचं काई होवो! जानराव, तुमी व्हा पुढं. तुमच्या अगुदर पोचतो आमी."

हा त्याग फार मोठा होता. फक्त साठ मैल उरले असताना केलेला. जानरावांना तो समजला नाही. त्यांनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं, बाईंनी पिशवी खाली ठेवली, आणि जानराव एकटे एसटीत बसले.

गोधडी काढून, गाडी पुसून, तेल पाहून दोघं निघाले तेव्हा उन्हं वर आली होती. वेग ताशी तीसच्या आत होता. दुःखाच्या भरात माणसाचा हात सुटतो, पण भगवंतरावांचा सुटला नाही. नांदुऱ्याला इंजिनाला विश्रांती दिली. तिथे लिंबाची सावली एका गाडीपुरतीच होती, म्हणून गाडी सावलीत उभी राहिली आणि सत्यभामाबाई उन्हात. पुढे पूर्णेच्या पुलानंतर रस्ता चढतो; वजन पडू नये म्हणून भगवंतरावांनी त्यांना उतरून चालायला सांगितलं. सत्यभामाबाई पदर डोक्यावर घेऊन चढ चालत असताना जळगावकडे जाणारी एसटी धूळ उडवत त्यांच्या शेजारून गेली. खिडकीत जानराव होते. त्यांनी हात वर केला, पण तो कुणाला केला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सत्यभामाबाईंच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडाला. पत्रकातल्यासारखा.

जळगाव जामोदला पुन्हा विश्रांती झाली.

संग्रामपुरात दरम्यान अडचण उभी राहिली. जानरावांनी, माणसं फटफटीने येत आहेत असं सांगितलं, तेव्हा म्हातारीला उचलायला निघालेले लोक थांबले. फटफटीने येणारे म्हणजे आत्ता येतील. एसटीने येणार असते तर वेळ ठाऊक असती. फटफटीची वेळ कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून सगळे 'आत्ता' म्हणत राहिले. उन्हात किती थांबणार? अखेर भटजींनी शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवला.

भगवंतराव आणि सत्यभामाबाई पोचले तेव्हा मंडळी नदीवरून आंघोळ करून, ओल्या धोतरांनी परत येत होती.

सत्यभामाबाई घरात गेल्या. शेणाने सारवलेल्या रिकाम्या जागेवर पणती ठेवली होती. तिच्याजवळ त्या बसल्या.

बाहेर भगवंतराव ओसरीवर टेकले. अशा प्रसंगी बोलायला विषय नसतो, ही समाजाची जुनी अडचण आहे. ती त्या दिवशी दूर झाली. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले, फटफटीभोवती एक फेरी मारली आणि खाकरून विचारलं, "नवी दिसते?" दुसऱ्याने सीट दाबून पाहिली. तिसऱ्याने गॅलनचं विचारलं. भगवंतरावांनी जड आवाजात, पण तपशीलवार माहिती दिली. संध्याकाळपर्यंत सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाने गाडीची चौकशी केली. असं भरल्यासारखं सुतक संग्रामपुरात पूर्वी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. पंचायत समितीची सभा असल्यामुळे दोघं लगेच परत निघाले. पूर्णेच्या पुलाशी आल्यावर भगवंतरावांनी गाडी थांबवली आणि खाली वाकून आकडा पाहिला. हजार पुरे झाले होते. त्यांनी सत्यभामाबाईंच्या पिशवीतून नारळ काढला. (जावयाला सुतक किती, हे त्यांनी शालिग्रामला आदल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.) कठड्यावर नारळ फोडला, पुढच्या चाकावर पाणी शिंपडलं, खोबऱ्याचा तुकडा पत्नीपुढे धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

"बसला पिस्टन!" ते म्हणाले. "आता काई भेव नाई. बोल, तुले कुठं जाचं हाय? म्हनशीन तिथं नेतो, साठच्या इस्पीडनं नेतो!"

सत्यभामाबाईंनी खोबरं हातात घेतलं. खाल्लं नाही.

"हळूच चाला," त्या म्हणाल्या. "मले आता कायचीच घाई नाई."

घरी आल्यावर संध्याकाळी भगवंतराव ओट्यावरून ओरडले, "अवं, गोधडी आन ना! गार सुटली."

"रनिंग झालं नं तिचं?" आतून आवाज आला. "मंग राहू द्या उघडी."

ती गोधडी पुन्हा गाडीवर पडली नाही.

चोखंदळ वाचकांच्या एव्हाना ध्यानात आलं असेल की गाडी कोणत्या कंपनीची होती, हे या हकिकतीत कुठेच सांगितलेलं नाही. पहिल्या पानापासून त्यांना ते खटकत असणार. ही उणीव मान्य आहे. प्रत्यक्ष भेटल्यास भगवंतराव कंपनी, रंग आणि गॅलनचा आकडा आनंदाने सांगतील.

म्हातारीचं नावही सांगितलेलं नाही. त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.