भागोजीचा डावा पाय

ऐन लग्नाच्या सकाळी विनोदच्या पाठीत उसण भरली आणि त्याचा नवा ट्रक चालवायला महाडात दुसरं कुणी मिळेना. ट्रकात भाड्यानं द्यायची जेवणाची भांडी आणि मांडवाच्या खुर्च्या. तिकडे पोलादपुरात वऱ्हाड उभ्यानंच ताटकळलेलं.

"मी नेतो," त्याचा काका भागोजी म्हणाला. त्यानं तीस वर्षं आंबेनळी घाटात जुना ट्रक हाकला होता. वळणावर दोन्ही खांदे लावून स्टेअरिंग ओढायचं, एकेका गिअरला दोनदा क्लच दाबायचा. "तुझी गाडी तर बोटानं फिरते. हिला डायवर कशाला लागतो?"

"काका, हिला क्लच नाय. गिअर आपोआप पडतो. डावा पाय..."

"कळतं रे!"

शेजारी बायको चिमाबाई मठ्ठ्याचं पातेलं मांडीवर घेऊन बसली.

राजेवाडीपुढे चढ लागला. इंजिनाचा आवाज बदलताच भागोजीच्या डाव्या पायानं सवयीनं क्लच दाबला. तिथे होता ब्रेक. ट्रक गपकन थांबला, मागे भांडी खणखणली आणि अर्धा मठ्ठा समोरच्या काचेवर गेला.

"अवो, काय हे!"

"गाडी चुकते गो."

पुढच्या चढाला गाडी पुन्हा चुकली. उरलेला मठ्ठा भागोजीच्या सदऱ्यावर आला. मागून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून कामगार ओरडले, "आबा, झोपलात काय?"

चिमाबाईनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्याचा डावा पाय सीटच्या दांड्याला करकचून बांधला. मग ट्रक लोण्यासारखा चालला.

पोलादपुरात नवरीचा बाप धोंडू धावत आला. दार उघडतो तर पाय बांधलेला. "काय झालं पायाला?"

"मोडलाय," चिमाबाई म्हणाली. "पण शब्द दिला व्हता ना."

"एका पायानं ट्रक आणला!" मांडवभर बातमी पसरली. चौघांनी त्याला उचलून नवरदेवाशेजारी बसवलं. फोटो निघाले, जिलेबी जागेवर आली. बिचाऱ्याला लघवीलासुद्धा दोघांच्या खांद्यावरून जावं लागलं.

दुपारी खडीवाला सोनबा शेजारी येऊन बसला. "पाय बरा झाला की माझ्याकडं या. जुना ट्रक हाय, आजकालच्या पोरांना झेपत नाय. तुमच्यासारखाच गडी पायजे."

भागोजीच्या डोळ्यांत क्षणभर घाट चमकला. मग त्यानं हळूच विचारलं, "क्लच कसा हाय?"

"दगड!"

भागोजीनं डाव्या पायावरून हात फिरवला.

"मग नाय जमायचं," तो म्हणाला. "ह्या पायाला आता बसून जायची सवय लागलीय."